हॉलीहॉकला नुसती पानंच का आली? बेळगावच्या परड्यातली हंगामी आणि द्विवर्षायू फुलं

प्रश्न थोडक्यात असा: टिळकवाडीत राहणाऱ्या एका ताईंनी नवीन घर बांधलं. पुढे अंगण, मागे परडं. हॉलीहॉक, पॅन्सी, फॉक्सग्लोव्ह, पिटुनिया आणि झिनियाच्या बियांची पाकिटं त्यांनी मागवली. पाकिटावर ‘मार्च-एप्रिलमध्ये पेरा’ असं छापलं होतं, त्यांनी तसंच केलं. झिनिया छान आला. पिटुनियाची दोनच रोपं जगली. पॅन्सी उगवलीच नाही. हॉलीहॉक पानांनी गुडघाभर वाढलं, पावसात पानांवर तांबेरा आला आणि गेलं. फॉक्सग्लोव्ह तर जुलैत कुजून गेलं. त्या विचारतात: बी खराब होतं का? वर्षभर दारात फुलं हवी असतील तर काय कधी लावायचं? आणि हे ‘द्विवर्षायू’ प्रकरण काय आहे?

ताई, बी खराब नव्हतं. पाकिटावरचा महिना आपल्या मुलखाचा नव्हता, एवढंच. तो थंड देशातला महिना. तिथे मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळतं आणि पुढे चार-पाच महिने सौम्य ऊन मिळतं. आपल्याकडे त्याच महिन्यांत पारा पस्तिशीला टेकतो, मग वळीव झोडपतो आणि जूनपासून झड लागते. थंडीत वाढणाऱ्या रोपाला याहून वाईट काळ नाही. झिनिया आला, कारण तो मुळात मेक्सिकोकडचा, त्याला ऊन लागतंच.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. त्यामुळे आपला हिवाळा कोकणापेक्षा नक्कीच बरा, पण खरा गारठा तो नव्हे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा बारा-चौदा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी परत अठ्ठावीस-तीस. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या दोन आकड्यांत आहेत.

आधी द्विवर्षायूचं बघू. हंगामी, म्हणजे वर्षायू झाड एका हंगामात उगवतं, फुलतं, बी धरतं आणि संपतं. द्विवर्षायू झाड पहिल्या वर्षी नुसती पानं आणि मूळ करतं, मधली थंडी अंगावर घेतं आणि दुसऱ्या वर्षी फुलतं. तुम्ही बाजारात रोज अशीच झाडं विकत घेता: कोबी, गाजर, बीट, कांदा. ही सगळी द्विवर्षायू आहेत, आपण ती पहिल्या वर्षीच उपटून खातो. कांद्याचं जून झालेलं रोप लावलं आणि त्यावर कडक थंडी पडली की डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात, हे कुठल्याही कांदेवाल्याला विचारा. कोबीचं बी आपल्याकडे का धरत नाहीत? कारण गड्ड्यातून फुलाचा दांडा निघायला कित्येक आठवडे दहा अंशांच्या खालची थंडी लागते. म्हणून ते बी कुलू-मनाली भागात तयार होतं आणि आपला शेतकरी दरवर्षी पुडी विकत आणतो. फॉक्सग्लोव्ह, कँटरबरी बेल, वॉलफ्लॉवर, स्वीट विल्यम, ही सगळी फुलं त्याच जातकुळीतली.

मग बेळगावात ती लावायचीच नाहीत का? काही लावायची, काही सोडून द्यायची. लावायची ती अशा वाणाची, जे थंडीची फार वाट न बघता पहिल्याच हंगामात फुलतात. आणि पेरायची अशा वेळी, की थंडी सुरू होईपर्यंत रोप चांगलं अंगाने भरलेलं असेल. म्हणजे आपल्यासाठी द्विवर्षायू फूल हे हिवाळी हंगामी फूलच, फक्त पेरणी इतरांपेक्षा महिनाभर आधी.

हॉलीहॉक यातलं सगळ्यात हमखास. मघा नक्षत्रात, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात, बी घाला. चपटं, चकतीसारखं बी असतं, वरचं साल कडक. रात्रभर पाण्यात भिजवून घातलं तर आठवड्याभरात उगवतं. याला खोल सोटमूळ असतं आणि ते मोडलेलं त्याला अजिबात खपत नाही. म्हणून ट्रेमध्ये घालून उपटून लावू नका. कागदाच्या पेल्यात किंवा दुधाच्या पिशवीत दोन-दोन बिया घाला, जोमदार रोप ठेवा, दुसरं कात्रीने कापा. चौथं-पाचवं पान आलं की पिशवी फाडून मातीच्या गड्ड्यासकट भिंतीकडेला लावा, दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर. दिवाळीपर्यंत तळव्याएवढी पानं होतात. त्या वेळी घाई करून युरिया टाकू नका, पानं आणखी मोठी होतील आणि फुलाचा दांडा यायला उशीर होईल. डिसेंबरच्या शेवटाला पानांच्या मधोमध बारीक कळ्यांचा झुबका दिसतो, मग दांडा महिन्याभरात माणसाच्या उंचीला जातो. आधार तेव्हाच बांधायचा, वाकल्यावर बांधून उपयोग नाही. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत खालून वर फुलत जातं.

तुमच्या झाडाला जो तांबेरा आला तो हॉलीहॉकचा कायमचा पाहुणा आहे. पान उलटून बघा: खालच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे विटकरी फोड, वरच्या बाजूला त्याच जागी पिवळा ठिपका. पहिला फोड जमिनीला टेकलेल्या जुन्या पानावर दिसतो. ते पान त्याच दिवशी देठासकट काढून कचऱ्यात टाका, खतात नको. पाणी पानांवर न मारता बुडाशी घाला. एवढं वेळेवर केलं तर बहुतेक वेळा औषध लागत नाही. फुलून झालेलं झाड दुसऱ्या वर्षासाठी राखायचा मोह होतो. चिकोडी-अथणीकडच्या कमी पावसात उंचवट्यावर ते कधी कधी टिकतं. बेळगाव-खानापूरच्या झडीत बुंधाच कुजतो. बी धरा, झाड काढून टाका.

फॉक्सग्लोव्हसाठी ‘फॉक्सी’सारखा वाण मागा, तो पेरणीपासून पाचेक महिन्यांत फुलतो. बी धुळीसारखं बारीक असतं, त्यावर माती टाकायची नाही, उजेड लागतो. ऑगस्टमध्ये छपराखाली पेरा, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशी जागा द्या. पण एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. हे झाड पानापासून बीपर्यंत विषारी आहे. हृदयविकारावरचं डिजिटॅलिस याच कुळातून आलं, १७८५ मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. औषध आणि विष यांत इथे फार थोडं अंतर आहे. फुलं येण्याआधी त्याची पानं एखाद्या पालेभाजीसारखी दिसतात. घरात लहान मुलं असतील, शेळी-गाय परड्यात शिरत असेल, किंवा मेथी-चाकवताचा वाफा शेजारी असेल, तर हे झाड लावूच नका. त्याच्या जागी डॉग फ्लॉवर (अँटिर्‍हिनम) लावा, उभ्या दांड्याची शोभा तशीच मिळते.

स्वीट विल्यमचं पहिल्या वर्षी फुलणारं वाण घेतलं तर आपल्याकडे फेब्रुवारीत बऱ्यापैकी येतं. कँटरबरी बेल आणि वॉलफ्लॉवर सोडून द्या. त्यांच्या मागे लागून जी मेहनत जाते, तेवढ्यात फ्लॉक्सचा अख्खा ताटवा होतो.

पॅन्सी उगवली नाही त्याचं कारण उष्णता. तिला उगवायला अठरा-वीस अंश आणि अंधार लागतो, पंचवीसच्या वर बी निपचित पडून राहतं. हस्त नक्षत्र सरताना, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, बी घाला, वर सुतळीभर जाडीचं गांडूळखत पसरा आणि ट्रे घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली ठेवा. न्हाणीघराजवळची जागा उत्तम. आठव्या दिवसापासून रोज गोणपाट उचलून बघा. पहिला हिरवा कोंब दिसला की गोणपाट काढायचं, नाही तर रोपं एका रात्रीत लांबुडकी होतात. दहा-वीसच रोपं हवी असतील तर नोव्हेंबरात नर्सरीतून तयार रोपं आणणं स्वस्त पडतं. मला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही.

आता मुख्य काम, रोपांचं. आपल्याकडे हिवाळी फुलांची रोपं नेमकी पावसाच्या शेवटच्या दिवसांत करावी लागतात. गणपती येऊन जातात, हवेत ओल असते, दोन दिवस ऊन पडतं आणि परत सर येते. ट्रेमध्ये हिरवंगार उगवलेलं बी या काळात एका रात्रीत आडवं होतं. जवळून बघितलंत तर मातीच्या पातळीवर देठ पाण्याने भिजल्यासारखा, दोऱ्याएवढा बारीक झालेला दिसेल, वरची पानं मात्र अजून हिरवी असतात. हा मर रोग, मातीतली बुरशी करते. बहुतेक लोक ‘पाणी कमी पडलं’ समजून आणखी पाणी घालतात आणि उरलेलीही घालवतात.

यावर औषधापेक्षा तयारी महत्त्वाची. परड्यातली माती रोपांना वापरू नका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चाळलेलं गांडूळखत आणि धुतलेली वाळू सारख्या मापाने घ्या, किलोमागे पाच-दहा ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळा आणि ओलसर करून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा. बी दाट पेरू नका. पिटुनियाच्या एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास बिया असतात, चिमूटभर म्हणजे शेकडो. चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून मिठासारखं भुरभुरा आणि वर काहीही टाकू नका. पाणी झारीने वरून न घालता ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, खालून ओल वर आली की उचला. ट्रेवर पारदर्शक प्लास्टिकचा मांडव हवा, पण चारी बाजू उघड्या. पाऊस अडला पाहिजे, वारा नाही. पाणी सकाळीच द्या, संध्याकाळी ओला ठेवलेला ट्रे मर रोगाला आमंत्रण आहे. एवढं करूनही एका कोपऱ्यात रोपं पडायला लागली तर तो कोपरा मातीसकट काढून टाका आणि बाकीच्यांना कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच-तीन ग्रॅम या मापाने द्या. ट्रायकोडर्मा ही पण बुरशीच, तांब्याच्या औषधाने ती मरते, तेव्हा दोन्ही एकत्र कधी नको.

मातीचं म्हणाल तर आपला जिल्हा एक नाही. खानापूर-जांबोटीकडे तांबडी, जांभ्याची, आंबट माती, पावसाने धुऊन निघालेली. वडगाव-येळ्ळूर बाजूला भाताची चिकण काळी. बैलहोंगल-गोकाक-अथणीकडे कापसाची काळी, भेगाळणारी. तांबड्या मातीत भरपूर शेणखत आणि चौरस मीटरला मूठभर चुना किंवा लाकडाची राख मिसळा, स्टॉक आणि स्वीट पी या फुलझाडांना तर लागतेच. काळ्या मातीत चुना नको, वाळू आणि पालापाचोळ्याचं खत हवं, आणि गादीवाफा वीतभर उंच. टिळकवाडीत नव्या घराभोवती बहुधा बांधकामाचा भराव असतो. फूटभर खणून विटांचे तुकडे आणि सिमेंट काढल्याशिवाय काहीही लावू नका. कुंड्या घ्यायच्या तर खानापूरच्या भाजलेल्या मातीच्या घ्या. प्लास्टिकच्या कुंडीत आपल्या पावसात मुळं गुदमरतात.

हिवाळ्यासाठी माझी पसंती सांगतो. पहिला मान अॅस्टरला. हाच तो चायना अॅस्टर, ज्याचा हार आणि गजऱ्यांत भरणा असतो. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेचे कामिनी, पूर्णिमा, शशांक आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले गणेश व्हाइट, पिंक, पर्पल, हे वाण आपल्या हवेचे आहेत, महागड्या परदेशी पाकिटांची गरज नाही. फक्त त्याच वाफ्यात लागोपाठ दुसऱ्या वर्षी अॅस्टर लावू नका, मातीतून मर येते. मग फ्लॉक्स, डॉग फ्लॉवर, कॅलेंड्युला, डायँथस, व्हर्बिना: सप्टेंबरात बी, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात लागवड, डिसेंबरपासून फुलं.

स्टॉकबद्दल एक गंमत आहे, ती माहीत नसल्याने लोक दुकानदाराशी भांडतात. पाकिटावर भरगच्च दुहेरी फूल छापलेलं असतं आणि निम्म्या झाडांना एकेरी चार पाकळ्या येतात. दुहेरी फुलाला बीच धरत नाही. बी नेहमी एकेरी झाडाचंच असतं आणि त्यातून साधारण निम्मी रोपं दुहेरी निघतात. तेव्हा हवी त्याच्या दुप्पट रोपं करा. दारात संध्याकाळी लवंगेसारखा वास दरवळतो, त्यासाठी ही मेहनत सार्थकी आहे.

लार्कस्पर, पॉपी आणि स्वीट पी यांना जागेवरच पेरा, उपटून लावलेली आवडत नाहीत. लार्कस्परचं बी पंधरा दिवस फ्रिजमध्ये ठेवून ऑक्टोबरच्या मध्याला घातलं तर उगवण चांगली होते. पॉपीत कॅलिफोर्नियन किंवा शर्ली पॉपी घ्या. स्वयंपाकघरातली खसखस मात्र कुतूहल म्हणूनही पेरू नका. ती अफूच्या झाडाची असते आणि परवान्याशिवाय ते झाड लावणं १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गुन्हा आहे.

पावसाळी फुलांना एवढे लाड लागत नाहीत. मृगाच्या तोंडावर तेरडा, कोंबडा, झिनिया आणि कॉसमॉसचं बी थेट वाफ्यात टाका. तेरडा तर घरात असावाच. गौरी येतात तेव्हा बाजारात विकत घेण्यापेक्षा स्वतःच्या परड्यातला मुळासकट उपटून आणलेला तेरडा हातात असण्याचं समाधान वेगळं. डबल जातीच्या तेरड्याचा शेंडा खुडायचा नाही, फुलं मधल्या दांड्यालाच लगडतात. शेंगा फुगल्या की हलक्या हाताने मुठीत धरून फोडा, नाही तर बी अंगणभर उडतं. अर्थात उडालं तरी बिघडत नाही, पुढच्या मृगात तिथेच उगवेल.

झेंडूचं गणित दसऱ्यापासून उलटं मोजा. बी पडल्यापासून मोठ्या झेंडूला भरात यायला तीन महिने धरा. रोप महिन्याभराचं झालं की लावायचं, लावल्यावर तीन आठवड्यांनी शेंडा खुडायचा. जुलैची मोठी झड चालू असताना रोपं छपराखाली वाढतात आणि लागवड ऑगस्टात उघडिपीत होते, हे आपल्या बाजूला फार सोयीचं आहे. दिवाळीसाठी आणखी थोडी रोपं तीन आठवड्यांनी करा.

उन्हाळ्याला फार काही सांगण्यासारखं नाही. नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते बघून ठरवा. पाणी कमी असेल तर ऑफिस टाइम (पोर्टुलाका) आणि गलांडा, मुबलक असेल तर फेब्रुवारीत परत एकदा झिनिया आणि सूर्यफूल. एप्रिलमधला वळीव गारांसकट येतो, तेव्हा उंच झाडांना काठी हवी.

वर्षभर लागणारं एक काम मात्र मनावर घ्या: कोमेजलेलं फूल देठासकट खुडणं. हंगामी झाड बी धरण्यासाठी फुलतं. बी धरलं की त्याचं काम संपतं आणि ते पिवळं पडायला लागतं. दर दोन दिवसांनी खुडलेला पिटुनिया किंवा झिनिया महिनाभर जास्त फुलतो. झेंडू, पिटुनिया, झिनिया, डॉग फ्लॉवर यांचे शेंडे लहानपणी खुडा. स्टॉक, कोंबडा, हॉलीहॉक, लार्कस्पर यांचे खुडू नका. खत म्हणून वाफा करतानाच शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, कळ्या दिसायला लागल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला दोन ग्रॅम पंधरा दिवसांतून एकदा, पुरे. कॉसमॉसला तेही नको, खत मिळालं की तो पानांतच रमतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या धुक्यात झिनियावर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, येते. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी गार वेळेला फवारा. माव्यासाठी कडुनिंबाचं तेल पाच मिली आणि थोडा साबण.

आत्ता तुमच्याकडे उरलेली पाकिटं बघा. झाकणाच्या घट्ट बरणीत भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी टाका, त्यात पाकिटं ठेवा आणि बरणी फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात. आपल्या पावसाळ्याची ओल बियांना सगळ्यात लवकर मारते. हॉलीहॉक आणि झिनियाचं बी दोन-तीन वर्षं चालेल. पिटुनिया आणि पॅन्सीचं बी दहा-वीस घेऊन ओल्या टिपकागदावर उगवून बघा, निम्मं आलं तर वापरा. अॅस्टर घ्यायचं ठरवलंत तर बी ताजंच घ्या, पाकिटावर पॅकिंगचा महिना बघून, कारण ते वर्षभरात मरतं. ‘एफ-वन’ (म्हणजे संकरित) लिहिलेल्या पिटुनियाचं बी धरत बसू नका, पुढच्या वर्षी रंग आणि आकार तसे येणार नाहीत. हॉलीहॉकचं धरा, दोन रंग शेजारी असतील तर मधमाश्या मिसळतील आणि तिसराच रंग येईल, तोही चांगलाच असतो.